काउंटडाउनमध्ये आठ गेम जिंकणाऱ्याला घरी का पाठवतात?

अनुजा_के

गेले दोन-तीन महिने ब्रिटिश काउंटडाउनचं वेड लागलंय, दोन खेळाडू तीस सेकंदांत नऊ अक्षरांतून मोठ्यात मोठा शब्द काढतात किंवा आकड्यांचं गणित जुळवतात तो टीव्हीवरचा कार्यक्रम. रात्री एकच एपिसोड बघून झोपायचं ठरवते आणि चार कधी होतात कळतच नाही. मी कॉमेडियन लोकांच्या आवृत्तीबद्दल बोलत नाहीये, चॅनल फोरवर दुपारी लागतं ते मूळ, शांत, अक्षरं आणि आकडेवालं.

तर एक खेळाडू होता, नाव लिहीत नाही, साधा माणूस, कॅमेऱ्याकडे बघायलाही लाजायचा. पहिला गेम जेमतेम जिंकला, शेवटच्या कॉनंड्रमवर, म्हणजे विस्कटलेल्या नऊ अक्षरांचा एकच शब्द ओळखायचा त्या फेरीत. मग दुसरा, तिसरा, आणि पाचव्यापर्यंत असा काही खेळायला लागला की समोरच्याची दया यायची. मी अगदी घरचा माणूस असल्यासारखी त्याच्यासाठी जीव मुठीत धरून बघत होते. आठवा गेमही जिंकला, टाळ्या झाल्या, सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि पुढचा एपिसोड लावला तर दोन्ही खुर्च्यांवर नवीनच माणसं! हरला नाही, आजारी पडला नाही, तरी गेला. मला खरंच वाईट वाटलं.

माझे प्रश्न असे आहेत की आठनंतर का थांबवतात, तो परत कधी दिसतो की नाही, आणि मुख्य म्हणजे एवढ्याशा खेळात एखाद्याची "कारकीर्द" असते असं ही मंडळी म्हणतात ते नेमकं कशावरून मोजतात? जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणि ते तीस सेकंदात एवढं सुचतं कसं हेही कुणी सांगितलं तर फार बरं होईल, मला सहा अक्षरी शब्दाच्या पुढे काही दिसतच नाही.

सॅलफर्डवाला

अनुजाताई, तुमचा माणूस परत येतो, काळजी करू नका. त्याच सीरिजचे शेवटचे एपिसोड शोधा.

पद्धत अशी आहे. जिंकलेला खेळाडू दुसऱ्या दिवशी परत बसतो, नवीन आव्हान देणारा समोर येतो. असं आठ वेळा जिंकलं की तो ऑक्टोचॅम्प होतो आणि त्याला थांबवतात. एक सीरिज साधारण सहा महिने चालते आणि तिच्या शेवटी सगळ्यांत वरचे आठ जण उपांत्यपूर्व फेरीत परत बोलावतात. पहिला नंबर विरुद्ध आठवा, दुसरा विरुद्ध सातवा असं. आता हे नंबर ठरतात कसे? आधी किती गेम जिंकले ते बघतात आणि जिंकलेले गेम सारखे असले तर एकूण पॉइंट्स. सीरिजमध्ये आठ ऑक्टोचॅम्प झाले नाहीत तर सात, सहा गेम जिंकलेल्यांनाही जागा मिळते. म्हणून तो भरपूर पॉइंट्सनी पुढे असूनसुद्धा शेवटपर्यंत जीव तोडून खेळत होता, तुमच्या लक्षात आलं असेल. त्याच्यासाठी समोरचा माणूस कधीच हरलेला होता, तो भांडत होता ते महिन्याभरापूर्वी येऊन गेलेल्या आणि दोन महिन्यांनी येणार असलेल्या लोकांशी.

मी इथे मँचेस्टरच्या बाजूला बारा वर्षं आहे. कार्यक्रम सुरुवातीला लीड्सला व्हायचा, आता सॅलफर्डला मीडियासिटीत रेकॉर्ड होतो आणि एकदा प्रेक्षकांत बसायचा योग आला होता. टीव्हीवर रोज एक दिसतो म्हणून आपल्याला वाटतं खेळाडू रोज झोप काढून ताजातवाना होऊन येतोय. एका दिवसात पाच एपिसोड काढतात! त्यामुळे खेळाडूंना बरोबर चार-पाच वेगळे शर्ट आणायला सांगतात, मधल्या सुट्टीत बदलून यायचं, म्हणजे बघणाऱ्याला वेगळा दिवस वाटतो. आम्ही गेलो त्या दिवशी एक बाई सकाळपासून जिंकत होत्या. त्यांच्या चौथ्या गेमला मी बघत होतो, ब्रेकमध्ये पाण्याचा ग्लास उचलताना हात थरथरत होता, दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायल्या, आणि घड्याळ सुरू झालं की पेन मात्र सरळ चालत होतं. त्या जिंकल्या की नाही ते सांगत नाही, पण तो ग्लास माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तर आठ गेमचं ओझं टीव्हीवर दिसतं त्यापेक्षा खूप जास्त असतं. काही जण पाच सलग खेळून रात्री हॉटेलवर जातात आणि दुसऱ्या दिवशी उरलेले तीन.

निखिल_७७

नियम कळला पण पटला नाही. न हरता कुणाला घालवणं हा कुठला न्याय? अमेरिकेत जेपर्डी या प्रश्नमंजुषेमध्येही आधी पाच दिवसांची मर्यादा होती, ती २००३ मध्ये काढली आणि पुढच्याच वर्षी केन जेनिंग्स सलग ७४ गेम जिंकला, पंचवीस लाख डॉलर्सच्या वर कमावले. तो कोण हे आज जगाला माहीत आहे. मर्यादा असती तर पाचव्या दिवशी घरी गेला असता आणि कुणाला नावही आठवलं नसतं. काउंटडाउनमध्ये असा एखादा असेलच ना जो चाळीस गेम हरला नसता? तो आपल्याला कधी दिसणारच नाही.

शब्दखुळी

निखिल, असे एक सोडून बरेच असतील आणि अडचण तीच आहे! मी स्पर्धेचं इंग्रजी स्क्रॅबल खेळते आणि त्यामुळे काउंटडाउनवाल्या मंडळींशी बरीच ओळख आहे. चार्ली रीम्स या खेळाडूने अ‍ॅप्टरस नावाची साइट बनवली, तिथे हाच खेळ दिवसरात्र ऑनलाइन खेळता येतो. तिथून तयार होऊन आलेला खेळाडू आणि घरी चहा पिता पिता बघून हौसेने आलेला खेळाडू यांच्यात इतकं अंतर असतं की मर्यादा नसेल तर एकच माणूस अख्खी सीरिज खुर्ची अडवून बसेल आणि रोज एक नवा माणूस येऊन हरून जाईल. बघवेल का ते? मला तरी नाही बघवणार.

आणि पैशाची तुलना इथे लागूच होत नाही. काउंटडाउनमध्ये रोख बक्षीस नाही. जिंकलं की एक किटली मिळते, घड्याळाचं चित्र असलेली. ती दुकानात विकत मिळत नाही, जिंकूनच मिळवावी लागते आणि म्हणूनच लोक जन्मभर जपून ठेवतात. सीरिज जिंकणाऱ्याला ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीचे वीसच्या वीस खंड द्यायचे. शब्दांवर प्रेम नसेल तर ते बक्षीस घेऊन करायचं काय!

आता अनुजाचा प्रश्न, सुचतं कसं. तू नऊ अक्षरांकडे एकदम बघतेस म्हणून काही दिसत नसणार. आम्ही आधी शेपूट बाजूला काढतो. एस आहे का, ई-डी आहे का, ई-आर, आय-एन-जी, ई-एस-टी. ते टोकाला लावून ठेवायचं आणि उरलेल्या पाच-सहा अक्षरांत मूळ शब्द शोधायचा. आय-एन-जी निघालं की उरतात सहाच अक्षरं, आणि सहा अक्षरांत तुला शब्द दिसतो हे तू स्वतःच लिहिलंयस. स्वर कमीत कमी तीन आणि व्यंजनं कमीत कमी चार घ्यावी लागतात, बाकी तुमच्या मर्जीवर, मुरलेले खेळाडू बहुतेक वेळा चार स्वर घेतात, पण ए, ई, आय आधीच आले असतील तर चौथा स्वर यू निघेल या भीतीने थांबतात. मी पण थांबते.

पण ऑक्टोचॅम्प आणि आपल्यासारखे यांच्यात खरा फरक शब्द सापडण्यात नाही, सापडलेल्या शब्दाचं काय करायचं यात आहे. शब्द सांगायच्या आधी फक्त लांबी सांगायची असते, "सात" किंवा "आठ". अक्षरं ज्याने निवडली तो आधी बोलतो. समज त्याने "सात" म्हटलं. तुझ्याकडे एक खात्रीचा सात आहे आणि एक आठ आहे जो डिक्शनरीत असेलही, नसेलही. एका क्षणात ठरवायचं. सात म्हटलं तर दोघांना सात सात. आठ म्हटलं आणि तो शब्द निघाला तर तुला आठ, त्याला शून्य. नाही निघाला तर उलटं. पलीकडे सूझी डेंट डिक्शनरी उघडून बसलेल्या, १९९२ पासून त्या कोपऱ्यात आहेत, त्यांना दयामाया करता येत नाही, शब्द आहे किंवा नाही. अमेरिकन स्पेलिंगही चालत नाही, त्यावर भलेभले घसरलेत. चांगला खेळाडू हा निर्णय एका गेममध्ये सात-आठ वेळा घेतो आणि त्या प्रत्येक वेळी स्कोअर त्याच्या डोक्यात असतो.

गणितमास्तर

शब्दांचं शब्दखुळीताईंनी छान लिहिलंय, मी आकड्यांवर लिहितो, ते माझं प्रेम.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. वरच्या ओळीत २५, ५०, ७५, १०० हे मोठे आकडे, खाली १ ते १० प्रत्येकी दोनदा. खेळाडू सहा आकडे निवडतो, मशीन तीन अंकी एक लक्ष्य देतं, तीस सेकंद, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार. प्रत्येक आकडा जास्तीत जास्त एकदा वापरायचा. बरोबर आलं तर १०, पाचच्या आत असेल तर ७, दहाच्या आत ५.

यूट्यूबवर ९५२ वाला जुना तुकडा बघितला नसेल तर आधी तो बघून या. आकडे होते २५, ५०, ७५, १००, ३, ६. खेळाडू शांतपणे सांगतो, १०० आणि ६ = १०६, गुणिले ३ = ३१८, गुणिले ७५ = २३,८५०, त्यातून ५० वजा = २३,८००, भागिले २५ = ९५२. तेव्हा आकड्यांची फेरी सांभाळणाऱ्या कॅरोल व्होर्डरमन फळ्यावर लिहिता लिहिता हसायला लागतात, प्रेक्षक थक्क. लोक म्हणतात हा माणूस मशीन आहे, पंचवीस हजारांच्या घरातले गुणाकार तोंडी करतो.

पण थांबा, त्याने तसं बहुतेक केलंच नसणार! जरा नीट बघा. ७५ भागिले २५ म्हणजे ३. ५० भागिले २५ म्हणजे २. मग ते सगळं लचांड काय आहे? ३१८ गुणिले ३ = ९५४, वजा २ = ९५२. एवढंच! अडचण एकच होती की २५ हा आकडा एकच आहे आणि भागायचं आहे दोन ठिकाणी. म्हणून भागाकार शेवटपर्यंत लांबणीवर टाकला, आधी ७५ ने गुणलं, ५० वजा केले आणि मग एकदाच २५ ने भागलं, म्हणजे एकाच २५ ने दोन्ही कामं झाली. मी हे पहिल्यांदा कागदावर उलगडून बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता. मी मुलांना वर्गात कंस सोडवायला शिकवतो, वितरणाचा नियम म्हणून फळ्यावर एक रूक्ष ओळ लिहितो, आणि हा माणूस तोच नियम घड्याळ चालू असताना हत्यारासारखा वापरतो. तेव्हापासून वर्गात तो नियम शिकवायची सुरुवात मी ९५२ पासून करतो.

आणि एक. मागे पडलेला चांगला खेळाडू मुद्दाम चार मोठे आकडे मागतो किंवा सहाही छोटे मागतो. म्हणजे गणित अवघड होतं, दोघांनाही जमण्याची शक्यता कमी, आणि एकालाच जमलं तर दहा पॉइंट्सची उडी मारता येते. पुढे असलेला एक किंवा दोन मोठे घेतो आणि सुखात राहतो.

निखिल_७७

९५२ चं स्पष्टीकरण जबरदस्त आहे मास्तर, दहा वेळा तो व्हिडिओ बघितलाय पण हे कधी लक्षात आलं नव्हतं.

पण कारकीर्दीचा मुद्दा राहिलाच. आठ गेम आणि झालं तर तीन गेम फायनलपर्यंत, यात कसली आली कारकीर्द?

सॅलफर्डवाला

हिशोबच करून बघू. एका गेममध्ये १५ फेऱ्या. आता १० अक्षरांच्या, ४ आकड्यांच्या आणि १ कॉनंड्रम असतो, आधी ११, ३ आणि १ असं होतं. आठ गेम म्हणजे १२० फेऱ्या, प्रत्येक ३० सेकंदांची. म्हणजे ३६०० सेकंद. ऑक्टोचॅम्पचा सगळा पराक्रम घड्याळावर बरोब्बर एक तासाचा. उपांत्यपूर्व, उपांत्य आणि फायनल धरून अकरा गेम म्हणजे साडेब्याऐंशी मिनिटं, आणि कॉनंड्रम दोन सेकंदात सुटला तर त्याहून कमी. त्या एका तासासाठी माणसं वर्षानुवर्षं तयारी करतात आणि तो तास पुन्हा मिळत नाही, साधारणपणे एकदा खेळलात की परत अर्ज करता येत नाही. मला वाटतं म्हणूनच ही मंडळी एकेका पॉइंटला इतकी जपतात. क्रिकेटरला वाईट मोसम गेला तर पुढचा असतो, इथे एक फेरी हुकली की ती कायमची हुकली.

ज्युलियन फेलचं उदाहरण बघा. २००२ मध्ये त्याने एका गेममध्ये १४६ केले होते, बरीच वर्षं तो विक्रम राहिला. तेव्हा ११ फेऱ्या अक्षरांच्या होत्या. आकडे आणि कॉनंड्रम सगळे बरोबर आले तरी ४० पॉइंट्स, म्हणजे अक्षरांतून कमीत कमी १०६ हवेत. अकराच्या अकरा वेळा आठ अक्षरी शब्द काढला तरी ८८च होतात! म्हणजे किमान दोनदा तरी नऊच्या नऊ अक्षरांचा शब्द काढला असला पाहिजे, त्याचे १८ मिळतात. आणि बाकी जवळपास काहीच चुकलं नसलं पाहिजे. असा गेम खेळलेल्या माणसाच्या "कारकिर्दीत" किती गेम होते हे कोण विचारेल?

आणि काहींना पुन्हा संधी मिळतेही. मधूनमधून चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स होते, सीरिज जिंकलेल्यांना आणि आणखी काही चांगल्या खेळाडूंना बोलावतात. १९९६ मध्ये सुप्रीम चॅम्पियनशिप झाली होती, हार्वी फ्रीमन जिंकला. कॉनर ट्रॅव्हर्स २००६ मध्ये चौदाव्या वर्षी सीरिज जिंकला, सगळ्यांत लहान विजेता, आणि कार्यक्रमाला तीस वर्षं झाली म्हणून जी मोठी स्पर्धा ठेवली होती तीही २०१३ मध्ये तोच जिंकला. पोराचा माणूस झालेला प्रेक्षकांनी बघितला. डेमियन ईडी तर सीरिज जिंकून पुढे त्याच कार्यक्रमाचा प्रोड्यूसर झाला. खुर्चीतली कारकीर्द छोटी असते, पण ती संपली म्हणून ही माणसं तिथून जात नाहीत. शनिवार-रविवारी कुठल्यातरी गावात हॉल घेऊन आपापसात दिवसभर काउंटडाउन खेळतात, ऑक्टोचॅम्पही असतात आणि एक गेम हरलेलेही, एकाच टेबलावर.

शब्दखुळी

हे शेवटचं अगदी खरं. मी अशा एका दिवसाला गेले होते. माझ्यासमोर एक आजोबा बसले, फार पूर्वी टीव्हीवर एकच गेम खेळले होते आणि तो हरले होते. मला सगळा गेम सांगितला, प्रत्येक फेरी! कुठला शब्द त्यांनी लिहून ठेवला होता आणि डिक्शनरीत नसेल म्हणून बोलले नाहीत, तो त्यांनी माझ्या कागदाच्या कोपऱ्यात लिहून दाखवला. तो शब्द डिक्शनरीत होता. एवढी वर्षं झाली तरी तो लिहिताना त्यांनी पेन किती दाबलं होतं, मागच्या पानावर उमटलं होतं. निखिल, याला तू काहीही म्हण, मी कारकीर्द म्हणेन.

निखिल_७७

मान्य. आठची मर्यादा अजूनही पूर्ण पटलेली नाही पण कारकीर्द हा शब्द मागे घ्यायला मी आता सांगणार नाही.

अनुजा_के

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील वाटलं नव्हतं. आजोबांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

सॅलफर्डवाला, तुम्ही सांगितल्यावर मी माझ्या त्या खेळाडूचा आठवा गेम परत लावला. शेवटच्या आकड्यांच्या फेरीला तो ४७ पॉइंट्सनी पुढे होता, गेम खिशात होता. आणि त्याने मागितलं काय तर नेहमीसारखा एक मोठा, पाच छोटे. समोरची बाई मान खाली घालून बसली होती, आणि हा तीस सेकंद कागदावरून नजर न हटवता खोडतोय, परत लिहितोय, खोडतोय. शेवटी बरोबर आलं तेव्हा हसला नाही, फक्त श्वास सोडला. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं होतं किती हा हावरट, आता जिंकलाय तर बाईला घेऊ दे की दहा पॉइंट्स. आता कळलं तो कुणाशी खेळत होता. फायनलचे एपिसोड शोधून ठेवलेत, रविवारी बघणार, कृपया कुणी निकाल सांगू नका!

मास्तर, मला सरावाला एखादं सोपं गणित द्या ना.

गणितमास्तर

घ्या. १००, ७५, ४, ९, २, ७. लक्ष्य ६८६. घड्याळ लावून करा, इथे उत्तर कुणी आधी फोडू नका.

अनुजा_के

आलं!! पंचाहत्तर नव्वे सहाशे पंचाहत्तर, त्यात ७ आणि ४ मिळवले, ६८६. पण पस्तीस सेकंद लागली.

गणितमास्तर

एकदम बरोबर. पाच सेकंद सरावाने जातील, त्याची चिंता नको. आता हेच दुसऱ्या वाटेने बघा. १०० मधून २ काढा, ९८ राहिले, त्याला ७ ने गुणा. लक्ष्य सातशेच्या जवळ दिसलं आणि हातात ७ आणि १०० असले की आधी तिकडे बघायचं. उद्या चार मोठ्यांचं देतो.